बुचांतली हवा

सुनीतीने बाटली उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. बुडबुडा नव्हता. गेल्या मोहिमेच्या राखीव बाटल्यांपैकी ही शेवटची, आणि एकीतही बुडबुडा नव्हता. मेहनाजने भरायचं काम चोख केलं होतं.

तरी दोष तिच्यावरच आला होता. अरबी समुद्रात अडीचशे मीटर खाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथले जीवाणू नायट्रेटवर श्वास भागवतात आणि त्यातला नायट्रोजन वायू करून सोडून देतात. जरा हवा लागली की त्यांचं काम थांबतं. या बाटल्यांत ते थांबलंच होतं. विभागप्रमुख श्यामसुंदर सर बैठकीत म्हणाले, "भरताना हवा शिरली असणार," आणि पुढच्या मोहिमेच्या यादीतून त्यांनी मेहनाजचं नाव काढलं. म्हणजे तिची पीएचडी वर्षभर लांबली. सुनीती शेजारीच मूग गिळून बसली होती.

हवा बुचांतून आली होती. रबर हवा धरून ठेवतं, म्हणून बुचं तीन आठवडे आधी हेलियममध्ये ठेवायची असतात. ते काम सुनीतीचं. लेकाच्या, वरदच्या, बारावीच्या धांदलीत ते राहून गेलं आणि बोटीवर तिने सरळ नवं पाकीट फोडलं. एवढ्याने काय होतंय, असं तेव्हा वाटलं होतं. आता त्या पोरीच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटत होती.

दार वाजलं. मेहनाज एक बंद बरणी घेऊन आत आली.

"मॅडम, नेक्स्ट ट्रिपची बुचं. हेलियममध्येच आहेत. वर डेट लिहिलीये."

"तू तर येत नाहीयेस."

"तुम्ही जाताय ना."

साधंच वाक्य, पण चोराच्या मनात चांदणं. सुनीतीने तारीख वाचली. बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"तुला माहीत होतं?"

"पाकीट माझ्यासमोरच फोडलंत, मॅडम."

"मग बैठकीत बोलली का नाहीस?"

मेहनाजने ओढणी सारखी केली.

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

एवढं बोलून ती तिच्या टेबलाकडे गेली. सुनीतीने बरणी हातात घेतली. मग उठली.

श्यामसुंदर सरांच्या केबिनमध्ये मोहिमेची यादी सहीसाठी उघडी होती. त्यांनी चष्म्यावरून बरणीकडे पाहिलं.

"काय सुनीतीबाई, बुचांचं प्रदर्शन भरवताय?"

"नाही सर." तिने बरणी नेमकी सहीच्या जागेवर ठेवली. "मागच्या वेळी ही अशी ठेवायची राहिली. माझ्याकडून."

सरांनी पेनाला टोपण लावलं.