जीव न घेणारी नळकांडी

मी अश्रुधुराची नळकांडी बोलतेय. ऐका, पण जरा लांबूनच. मी अजून फुटलेली नाही.

दिसायला मी साधीच. वीतभर उंची, चकचकीत अंग, वर इंग्रजीत बारीक अक्षरं. वाडीतल्या एका बाईला मी पावडरचा डबा वाटले, यात तिची काही चूक नाही.

माझा जन्म इथून फार लांब, उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया आमच्या पोटात पांढरी पूड भरायच्या. एकदा एका बाईनं घाम पुसायला फडकं खाली केलं आणि दुपारपर्यंत ती बाहेरच्या नळाखाली डोळे धूत बसली. बाकीच्या हसत होत्या. आपल्या पोटात काय आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पाहुणे साहेब यायचे तेव्हा त्यांना सांगितलं जाई, "यानं माणूस मरत नाही. घटकाभर डोळे चुरचुरतात, गर्दी पांगते, झालं." हे ऐकून मला बरं वाटायचं. पुढे पोलिसांच्या कोठारात आले तेव्हा माझ्या शेजारी गोळ्यांच्या पेट्या होत्या. आपण त्यांच्यातल्या नाही, आपण माणसं घरी धाडणाऱ्या, या समाधानात मी चार वर्षं काढली.

मग फेब्रुवारीतला तो दिवस उजाडला.

नांदेडच्या रस्त्यावर, वारंगा फाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून एक वाडी आहे. पंचवीस-तीस घरं, निम्मी मेंढरंवाल्यांची. महिनाभरात त्या वळणावर तीन माणसं गाड्यांखाली गेली. तिसरी मालनबाई. हळद काढून घरी येत होती. डोक्यावरची पाटी शेतात जाऊन पडली आणि बाई रस्त्यावर राहिली. गतिरोधक करा म्हणून वाडीनं तीनदा अर्ज दिला होता. चौथ्यांदा बाया रस्त्यावर येऊन बसल्या.

मी तेव्हा पोलिसांच्या एका गाडीत, पट्ट्यात खोचलेली होते. पट्टा विश्वंभर नावाच्या शिपायाच्या कमरेला. याच मुलखातल्या पुसेगावकडचा, सव्वीस वर्षांचा. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. दोन तासांत दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग कोसभर गेली. हॉर्न, शिव्या, लाऊडस्पीकरवरचे इशारे. मग कुठून तरी एक गोटा आला आणि विश्वंभरच्या शेजारच्या शिपायाच्या कपाळावर बसला. रक्त पाहिल्यावर सगळं बिघडलं. आधी लाठ्या चालल्या. मग आमच्यासाठी हुकूम आला.

विश्वंभरनं मला बंदुकीत भरलं. वर आभाळाकडे धरून मारायचं असं त्याला शिकवलेलं होतं. त्यानं मारलं ते जवळजवळ सरळ.

माझ्या आधी सुटलेली नळकांडी फुटली. पांढरा लोट उठला आणि मला पहिल्यांदा आम्हा बहिणींचं काम दिसलं. बाया पळत नव्हत्या, कारण त्यांना दिसतच नव्हतं. एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एक म्हातारा कठड्याला धरून ओकत होता. मी एका खड्ड्यात जाऊन आपटले. आता मीही फुटणार, या भीतीनं मी गोठून गेले. पण माझ्या आतली वात पेटलीच नाही.

कुणीतरी चाचपडत आलं. माझ्यावर हात पडला, मी उचलले गेले आणि पदरात गुंडाळले गेले. ती नर्मदाबाई होती. तिच्या दुसऱ्या हाताचं बोट तिच्या सुनेच्या, दीपमालाच्या मुठीत होतं. दीपमालाला पाचवा महिना होता. ती खोकत खोकत सासूला एकच म्हणत होती, "मामी, मला सास येऊन न्हाई राहिला. मामी!"

घरी गेल्यावर नर्मदाबाईनं आधी सुनेचे डोळे धुतले आणि मग मला नीट पाहिलं. तिचा नवरा मसाजी दारातच थबकला.

"हे काय आनलं?"

"डबा वाटला. कुन्या बाईचा पडला असंल म्हनून उचलला. काईच दिसत नव्हतं."

"डबा न्हाई हा! पोलिसाची चीज हाय. फुटलं तं घर जाईल, न्हाई फुटलं तं आपन जेलात जाऊ."

"मंग फेकून देऊ का हिरीत?"

"हिरीचं पानी मेंढरं पेतेत. अन् पोलीस हुडकत आल्यावर कुठून देशील?"

शेवटी त्यांनी मला लोकरीच्या गाठोड्यात खुपसलं आणि ते गाठोडं घराच्या पार कोपऱ्यात ठेवलं. त्या कोपऱ्याकडे मग कुणी पाठ करून झोपलं नाही.

पंधरा दिवस मी त्या घरात होते. माणसांची भीती काय असते ते मी तिथं पाहिलं. रस्त्यावरचे व्हिडिओ पाहून पोलीस माणसं उचलतायत अशी बातमी होती. फटफटीचा आवाज आला की मसाजी मागच्या दारानं निघून जाई. दीपमालाचा नवरा प्रभू मेंढरं घेऊन लांब चराईला गेला होता. त्याला फोनवर, "तिकडंच राय, येऊ नको," असं सांगितलं गेलं. आणि सकाळ-संध्याकाळ नर्मदाबाई सुनेला एकच विचारी, "लेकरू हललं का?"

कधी दीपमाला मान हलवी. कधी नुसती पोटावर हात ठेवून बसे.

वाडीची आशा सेविका निता हिनं तिला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर निता म्हणाली, "सोनोग्राफीत ठीक दिसून राहिलं. पन धुरानं पुढं काही होईल का, हे डॉक्टरला पक्कं सांगता येईना."

"मंग कोन सांगंल?" नर्मदाबाईनं विचारलं.

ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. उकंडराव पूर्वी सरपंच होते, मोठी जमीन बाळगून. ते म्हणाले, "गोळी तं न्हाई मारली ना? धूरच सोडला. एवढं चालतंय." किराणा दुकानवाला रामप्रसाद म्हणाला, "माझा मेव्हना छातीत कळ येऊन गाडीत पडेल होता. नांदेडला न्यायाचा होता, रस्ता बंद. दोन घंटे! पोलिसानं काय आरती करावी का तुमची?" त्याचा मेव्हणा वाचला होता, पण रामप्रसादची भीती खरी होती, हे नर्मदाबाईलाही कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "आमी रस्ता अडवला, ते बराबर असंल-नसंल. पन ज्याच्या पोटात ते गेलं त्याला तं कुनी इचारा."

चौदाव्या दिवशी दवंडी आली. झाल्या प्रकाराबद्दल लोकांची मतं ऐकायला एक मोठे साहेब तालुक्याला येणार होते. कुणीही यावं, बोलावं.

"जायाचं न्हाई," मसाजी म्हणाला.

"ही चीज घरात ठिवून मला घास गिळना झाला. तिथं सगळ्यासमोर देऊन टाकते. सगळ्यासमोर दिली तं चोरी कशी म्हनतेल?"

तिनं मला घोंगडीत गुंडाळलं आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसली. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी मला उचलून धरायची. रस्ताभर तिचे ओठ हलत होते. औंढ्याच्या नागनाथाला काय नवस बोलली, ते तिचं तिला ठाऊक.

एका मंगल कार्यालयात शंभरेक माणसं जमली होती. साहेब शांत स्वभावाचे वाटले. माईक घेऊन म्हणाले, "बळाचा वापर कमीत कमी व्हावा हेच धोरण आहे. म्हणूनच ही साधनं. यांनी जीवाला धोका होत नाही, हे आधी समजून घ्या. आता बिनधास्त मत मांडा."

पण मागच्या भिंतीशी दोन शिपाई प्रत्येक बोलणाऱ्याचा व्हिडिओ घेत होते. लोकांनी माना वळवून ते पाहिलं आणि शंभर माणसांत चिडीचूप झाली. उकंडराव उठले, पोलिसांनी संयम ठेवला असं बोलून बसले. रामप्रसाद मेव्हण्याचं बोलला. वाडीची माणसं पायांकडे बघत राहिली.

मग नर्मदाबाई उठली. घोंगडीसकट मला दोन्ही हातांत धरून ती टेबलापाशी गेली.

"साहेब, मी अडानी बाई. मला बोलता येत न्हाई. तुमची चीज माझ्याकडं राह्यली व्हती, ती वापस द्याला आले."

आणि तिनं मला घोंगडीतून काढून साहेबांच्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलं.

खुर्ची उलटी पडली ती साहेबांची. "बाजूला व्हा! कुणी हात लावू नका!" माणसं दाराकडे धावली, चपला राहिल्या, व्हिडिओवाले दोघे खिडकीतून बाहेर गेले. क्षणात कार्यालय रिकामं. टेबलापाशी एकटी नर्मदाबाई, घोंगडी छातीशी धरलेली.

"काहून पळून राहिले?" ती घाबरून म्हणाली. "तुमीच तं म्हनले आत्ता, ह्यानं काई व्हत न्हाई!"

दारातून एक शिपाई आत आला, वाळूची लाल बादली घेऊन. तो विश्वंभर होता. चेहरा पांढराफटक. "मावशी, मागं सरा. हळू. अजून मागं." त्यानं मला वाळूत ठेवलं आणि बादली मागच्या मैदानात नेली. तिथं त्यालाच माझ्यावर पहाऱ्याला बसवलं.

नर्मदाबाईचा जबाब तीन तास चालला. पंधरा दिवस सरकारी वस्तू घरात का ठेवली? आणखी काय काय उचललं? कुणी शिकवून पाठवलं? मसाजी बाहेर लिंबाखाली उकिडवा बसून होता. बाहेर आल्यावर ती त्याच्याकडे गेली नाही. मैदानात आली, दहा हातांवर थांबली.

"त्या दिवशी तुमी व्हते का तिथं?"

विश्वंभरनं आजूबाजूला पाहिलं. "व्हतो, मावशी. ही माझ्याच बंदुकीतली."

"बायकाईवर सोडली बाबा?"

"वर मारायची व्हती. माझ्या शेजारच्याचं डोकं फुटलं, रगत माझ्या बाहीवर आलं. भेलो म्या."

ती खाली बसली. "माझ्या सुनेच्या पोटात लई धूर गेला. दिवस हायेत तिला. लेकराला काई व्हईल का? तुमाला तं शिकवलं असंल."

"डोळे पान्यानं धुवा, मोकळ्या हवेत जावा, एवढं शिकवलं. पोटातल्या लेकराचं कुनीच काई सांगितलं न्हाई."

"कुनाला तरी इचारा की."

"इचारतो," विश्वंभर म्हणाला. त्याला कुणाला विचारावं हे माहीत नव्हतं. तिलाही ते दिसत होतं. तरी तिनं त्याला आपला नंबर दिला, एकेक आकडा सावकाश सांगून, आणि त्यानं तो लिहून घेतला.

ती गेली. तिच्यावर गुन्हा लागणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. गतिरोधकाचंही ठरलेलं नाही.

आणि मी इथं वाळूत आहे. उद्या दहा वाजता बाहेरगावचं पथक येणार, मैदानात खड्डा खणून मला फोडणार. मला त्याचं दुःख नाही. कुणाच्या घराच्या कोपऱ्यात असण्यापेक्षा हे बरं.

माझी विनवणी एवढीच. मला फोडण्याआधी वारा कुणीकडे वाहतोय ते बघा. मैदानाच्या त्या अंगाला पत्र्याची घरं आहेत, दोरीवर लहान लहान कपडे वाळत घातलेत. तिथं आधी जाऊन सांगा. दारं लावून घ्या म्हणावं, लेकरं आत घ्या म्हणावं. मी जीव घेत नाही, असं माझ्याबद्दल सगळे सांगतात. खरं असेलही. पण माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि मला माझीच भीती वाटते.