चौदा नंबरची मेंढी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना इनॅमलचा ट्रे आहे. पांढरा, काठाला निळी रेघ. भट्टीत भाजून निघालो तेव्हा माझ्या बरोबरचे सगळे कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात गेले. मी प्रयोगशाळेत आलो.

मेंढीच्या यकृतात पानासारखा चपटा जंत राहतो. तो रक्त पितो आणि मेंढी वाळत जाते. आमच्या बाई त्यावर लस शोधत होत्या. निम्म्या मेंढ्यांना लस टोचायची, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि मग सगळ्यांना जंतांची लागण करायची. शेवटी मेंढ्या कापायच्या, यकृताचे काप माझ्यात पिळायचे आणि जंत मोजायचे. कुणाला काय टोचलं ती यादी मोजणी संपेपर्यंत पाकिटात बंद असे. माझ्या पांढऱ्या रंगावर जंत चटकन दिसतात म्हणून बाई मला नावाजायच्या.

नऊ वर्षं एकही यकृत स्वच्छ निघालं नाही. दहाव्या वर्षी चौदा नंबरचं निघालं. बाईंनी काप तीनदा धुऊन पाहिले. मग पाकीट उघडलं. चौदा नंबरला लस दिलेली होती. बाईंनी चष्मा काढून पुसला, घातला आणि परत काढून पुसला.

मेंढ्या सांभाळणारे मामा मला नळाखाली धूत होते. मेंढ्यांना जावयासारखं जपतात म्हणून सगळे त्यांची चेष्टा करत. मी स्वच्छ झालो तरी ते धूतच राहिले.

"बाई, चौदाला मी जंताचं औषध पाजलंय."

"कधी?"

"महिना झाला. तिनं खाणं सोडलं होतं. घरात एकदा बघितलंय मी खाणं सुटलेलं. परत बघवेना."

मामांची बायको त्याच वर्षी गेली होती.

"मामा, ती कापायचीच होती."

"हो. पण महिनाभर खात होती."

बाईंनी वहीत चौदा नंबरवर रेघ मारली. उरलेल्यांत लस दिलेल्या आणि न दिलेल्या मेंढ्यांत फरक नावापुरता होता. त्या मामांवर ओरडल्या नाहीत. आणखी कुणाला पाजलं का, एवढंच विचारलं. मामा नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या मेंढ्या मागवायचं पत्र लिहिलं.

पुढे स्टीलचे ट्रे आले. माझा कोपरा उडाला, तिथे गंज धरला. आता मी कपाटावर असतो. माझ्यात बाटल्यांची जुनी झाकणं टाकतात. लस अजून झालेली नाही.

मित्रांनो, आजारी जनावर बघवलं नाही तर त्याला औषध द्या. मी त्याला चूक म्हणणार नाही. पण दिलंत तर सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. मामांनी उशिरा सांगितलं, पण सांगितलं. ते गप्प बसले असते तर सगळे त्या लशीच्या भरवशावर राहिले असते, आणि मेंढ्या वाळत राहिल्या असत्या.