खोकल्याची डिस्क

मित्रांनो, मी एक जुना डिस्क प्लेअर आहे. जुना म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझं अंग जाड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि मला उचलायला अजूनही दोन माणसं लागतात. बटण दाबलं की माझी जीभ बाहेर येते. तिच्यावर चकचकीत डिस्क ठेवायची, की जीभ आत जाते आणि माझ्या पोटातला डोळा त्या डिस्कवरचं गाणं वाचू लागतो. गाणारा गातो, वाजवणारा वाजवतो, आम्ही नुसतं वाचून दाखवतो. पण तेही नीट यावं लागतं.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक खोलीत झाला. तिथे धुळीला बंदी होती. शेवटच्या टेबलाशी चाचणी घेणाऱ्या एक बाई बसत. त्या प्रत्येक यंत्रावर पियानोची एकच डिस्क लावत आणि डोळे मिटून ऐकत. मला ऐकून झाल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा काही लपवणार नाही." हे कौतुक होतं की ताकीद, ते मला पुढे पुष्कळ वर्षं कळलं नाही.

मला विकत घेतलं ते एका चष्म्याच्या दुकानदारांनी. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. घरात खरं तर सोफा यायचा होता. त्याऐवजी मी आलो. तेव्हा माझं स्वागत कसं झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

आई दारात उभी होती. मला बघून ती म्हणाली, "यावर बसायचं कसं?"

आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम करायची. दिवसभर कानाला हेडफोन, आणि कानात घाबरलेली, चिडलेली, रडवेली माणसं. घरी आल्यावर तिला हवी असायची शांतता. आणि बाबा नेमके तेव्हाच मला चालू करायचे. त्यांनी माझ्यासाठी खास फळी ठोकून घेतली होती. ती पाणसळ लावून समतल केली होती. माझ्यावर काही ठेवायचं नाही, माझ्या शेजारी फुलदाणी नको, मी वाजत असताना खोलीत धप्प धप्प चालायचं नाही. आईने मला नाव ठेवलं जावई. "काम काही नाही, मान मोठा, आणि रुसला की सगळं घर गप्प," असं ती सगळ्यांना सांगायची. नाव मला चिकटलंच.

घरात आणखी दोघं होती. एक चिमणी, म्हणजे त्यांची मुलगी. तिने लहानपणी एकदा माझ्या जिभेवर गोल बिस्कीट ठेवून बटण दाबलं होतं. बिस्कीट काही वाजलं नाही, मुंग्या मात्र आल्या. दुसरे आजोबा, बाबांचे वडील. आई त्यांना मामंजी म्हणायची. ते खिडकीपाशी खुर्चीत बसायचे आणि फार कमी बोलायचे. त्यांचा "हं" ऐकून घरातले लोक पूर्ण वाक्य ओळखायचे.

आता त्या डिस्कबद्दल सांगतो, जिच्यासाठी मला आणलं होतं.

लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांनी आई, बाबा आणि आजोबा व्हायोलिनच्या एका मैफिलीला गेले होते. त्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण झालं आणि पुढे त्याची डिस्क निघाली. गंमत अशी, की अगदी संथ, हळुवार भागात, जिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल तिथे, श्रोत्यांतून कुणीतरी खोकतं. एकदा, मग दाबून धरलेलं दुसऱ्यांदा. ते कुणीतरी म्हणजे आई.

बाबांना त्याचा केवढा अभिमान. पाहुणे आले की ती डिस्क लागलीच पाहिजे. तो भाग जवळ आला की बाबा बोट वर करायचे. "थांबा हं, आता आमची ही येते." खोकला ऐकू आला की सगळे हसायचे. बाबा म्हणायचे, "आहे का दुसऱ्या कुणाची बायको डिस्कवर?" स्वयंपाकघरात एखादं झाकण जरा जोरातच आपटायचं.

"अहो, पुरे आता," आई आतून म्हणायची. "मी मेल्यावरसुद्धा खोकतच राहणार."

मी ती डिस्क इतक्यांदा वाचली, की मला तिच्यातला कण अन् कण पाठ झाला. म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती, जिच्याकडे पाहुण्यांचं लक्ष जात नसे, कारण ते तेव्हा हसत असायचे. खोकल्यानंतर लगेच एक बारीकशी चुरचुर ऐकू येते. चुर... मग थोडं थांबून चुर-चुर. पाचोळ्यात एखादा किडा सावकाश चालावा तशी. साध्या यंत्रावर ती व्हायोलिनमध्ये बुडून जायची. मी मात्र ती स्वच्छ वाचायचो. कशाची ते मला माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. ती चुरचुर आली, की खिडकीपाशी बसलेल्या आजोबांचा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा. नुसता चाचपून परत यायचा. त्याच वेळी स्वयंपाकघरातली भांडीही थांबायची.

दिवस गेले. आजोबांची खुर्ची रिकामी झाली. चिमणी नोकरीला लागली. हॉस्पिटलमध्ये यंत्रच फोन जोडू लागलं, तेव्हा आई निवृत्त होऊन घरी आली. मीही थकलो. माझ्या पोटातला डोळा अंधूक झाला. कधी डिस्क अर्ध्यात अडखळायची, कधी डिस्क आत असूनही माझ्या पट्टीवर 'डिस्क नाही' अशी अक्षरं उमटायची. बाबा चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने मला पुसत राहायचे. जगाला चष्मे देणारा माणूस, पण माझ्या डोळ्याला नंबर काढून देणं काही त्यांना जमेना. हळूहळू त्यांनी मला लावणं सोडलं. माझ्यावर आधी वर्तमानपत्र आलं, मग किल्ल्या, मग इस्त्रीचे कपडे. जावयाची खुंटी झाली.

मग एक दिवस चिमणीने एक छोटा काळा डबा आणला. त्याला तोंडही नव्हतं आणि जीभही. तो इंटरनेटवरून गाणी ओढून घ्यायचा, तीही साधीसुधी नव्हे, तर डिस्कपेक्षा बारीक विणीची. त्याला हाय-रेझ म्हणतात, असं चिमणीने सांगितलं. डबा माझ्याच डोक्यावर ठेवला गेला.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? तो सुरेख वाजायचा. मला वाटलं होतं, आतून पोकळ असेल. तसं काही नव्हतं. आणि त्याने एक काम केलं, जे मला जमलं नव्हतं. माझा रिमोट नेहमी बाबांच्या हातात असायचा. डब्याला मात्र आई तिच्या फोनवरून सांगू शकायची. ती सकाळी भाजी निवडताना स्वतः गाणं निवडायची. आवडलं नाही तर बदलायची. कित्येक वर्षांनी तिच्या कानात तिला हवं ते येत होतं. हे बघून मला हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

एके दिवशी जेवताना चिमणी म्हणाली, "बाबा, जुनी यंत्रं घेणारे एक काका आहेत. शौकीन आहेत. ते जावयाला घेऊन जातील. निदान धूळ तरी खाणार नाही."

"तसा आता तो वाजत कुठे नीट," बाबा म्हणाले. "आणि हिची एकदाची सुटका होईल."

आई काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं सगळ्यांनी होकार धरलं. मीसुद्धा.

रविवारी सकाळी ते काका यायचे होते. बाबांनी मला पुसून लख्ख केलं. माझ्या वायरची गुंडाळी केली. मग ते एकदम हसले आणि आईला हाक मारली. "अगं, इकडे ये. तुझ्यासाठी एक गंमत आहे. ती मैफील डब्यावर नव्याने आली आहे. सगळी खरखर, खोकणं, खाकरणं काढून टाकलंय म्हणे. आता जगात कुठेही तू खोकत नाहीस."

"अखेर औषध लागू पडलं," चिमणी म्हणाली.

आई हात पुसत आली आणि आजोबांच्या खुर्चीत बसली. डब्यातून व्हायोलिन सुरू झालं. काय सांगू, पहाटेच्या पाण्यासारखं स्वच्छ. संथ भाग आला. ती जागा आली. खोकला नव्हता. त्यानंतरही काही नव्हतं. नुसतं व्हायोलिन.

बाबा मोठ्या आशेने आईकडे बघत होते.

"मागे घ्या," आई म्हणाली.

चिमणीने मागे घेतलं. पुन्हा तेच. आई पुढे वाकून ऐकत होती. एक्स्चेंजवर एखादा क्षीण आवाज पकडताना ती अशीच वाकत असणार.

"ती चुरचुर कुठे गेली?" तिने विचारलं.

"कसली चुरचुर? अगं, तेच तर काढलंय."

"जावयाला लावा," आई म्हणाली. "ती डिस्क लावा."

बाबांनी गुंडाळलेली वायर सोडली. माझी जीभ बाहेर आली. डिस्क आत आली आणि मी डोळा उघडला. काही दिसेना. पट्टीवर अक्षरं उमटली, 'डिस्क नाही'. मित्रांनो, मला तेव्हा कसं वाटलं ते सांगता यायचं नाही. इतक्या वर्षांत आईने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. खोका घेऊन काका आले होते. चिमणी त्यांना काही सांगायला लागली, पण ते माझ्या पट्टीकडे बघून म्हणाले, "थांबा, त्याला जरा तापू द्या. म्हाताऱ्याला उठवल्या उठवल्या वाचायला लावता होय?"

मग सगळे माझ्यासमोर उभे राहिले. मी उबेला आलो. बाबांनी डिस्क फडक्याने मधून कडेकडे पुसली आणि पुन्हा ठेवली. या वेळी मला कडा दिसली, मग पहिली ओळ, आणि मी वाचत सुटलो. दोनदा अडखळलो, पण त्या जागी नाही.

खोकला आला. मग दाबलेला खोकला. मग चुर... चुर-चुर.

आईने डोळे पुसले आणि ती हसली.

"मामंजी आहेत ते," ती म्हणाली.

कुणालाच काही कळेना. तेव्हा आईने सांगितलं. तिचं आणि बाबांचं लग्न आजोबांच्या मनाविरुद्ध झालं होतं. त्या मैफिलीपर्यंत ते तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. शेजारी बसले होते तेही फक्त तिकिटं तशी होती म्हणून. तिला खोकला आला. सगळ्या सभागृहाने मान वळवून बघितलं. तिला वाटलं, उठावं आणि निघूनच जावं, घरातूनसुद्धा. तेवढ्यात आजोबांनी खिशातून खोकल्याची गोळी काढली आणि आवाज होऊ नये म्हणून तिचा कागद अगदी सावकाश सोडवायला लागले.

"सावकाश सोडवला की तो जास्तच वाजतो," काका म्हणाले.

"हो ना. संपता संपेना तो कागद. लोक त्यांच्याकडे रागाने बघायला लागले. पण त्यांनी पूर्ण सोडवला आणि गोळी माझ्या हातावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. मी उठले नाही मग."

"मी शेजारीच होतो की," बाबा म्हणाले.

"तुम्ही डोळे मिटून व्हायोलिन ऐकत होतात."

"आणि इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"ते बोलले नाहीत, मी कशाला बोलू? आमचं दोघांचं होतं ते. तुम्ही डिस्क लावलीत की मी आत काम थांबवायचे. तेवढं पुरायचं मला. खोकल्याचं काय, तो काढला तरी चालेल. पण त्याच्यामागे कागद गेला त्याचं काय?"

चिमणी माझ्या पट्टीकडे बघत होती. म्हणाली, "मला वाटलं, तू सुटशील."

"कुरकुरते ती माझी सवय आहे," आई म्हणाली. "जावयाला असं घालवतात का कुणी?"

काकांनी आपला खोका मिटवला. जाताना त्यांनी माझ्या पाठीमागे वाकून बघितलं आणि म्हणाले, "अहो, याच्या पाठीला एक जागा आहे, कधी वापरलीच नाहीत? तुमचा डबा इथे जोडा. डब्याचं गाणंही हाच वाचून दाखवेल." पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. त्यांच्याकडे माझ्याच जातीचा एक प्लेअर होता, जळून बंद पडलेला. त्याचा डोळा मात्र शाबूत होता. तो त्यांनी मला बसवला. मी आता त्या भावाच्या डोळ्याने वाचतो.

सकाळी भाजी निवडताना आई डब्याला गाणं सांगते. ते माझ्या पोटातून जातं आणि खोलीत पसरतं. संध्याकाळी बाबा डिस्क काढतात. डब्याचं आणि माझं बरं चाललंय. डब्याकडे जगातलं सगळं संगीत आहे. माझ्याकडे या घरातला एक कागद आहे. चाचणीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, हा काही लपवणार नाही. ते कौतुकच होतं, असं आता मी धरून चालतो.

मित्रांनो, नवीन वस्तू जरूर आणा. मीही नवीनच होतो कधीतरी. पण जुनी बाहेर काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, हिच्यात तुझं काही राहिलंय का? आणि जो तिच्यावर सगळ्यात जास्त कुरकुरतो, त्याला सगळ्यात आधी विचारा. आम्हाला पुसा, अधूनमधून लावा, आणि वाचायच्या आधी जरा तापू द्या.

पाहुणे अजून येतात. ती डिस्क अजून लागते. बाबा अजून बोट वर करतात. खोकला येतो, लोक हसायला लागतात, तेव्हा बाबा हळूच म्हणतात, "शू... आता आमचे वडील आहेत."

आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर येऊन उभी राहते.