काट्याचे माप

कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाल्यावर साहेबांनी परसात चार कोंबड्या पाळल्या आणि व्हर्नियर कॅलिपर पुन्हा त्यांच्या खिशात आला. मोजायला काही नसले की माणूस खचतो, असे त्यांचे मत होते. मोजायला काही मिळाले की घरचे खचतात, असे त्यांच्या पत्नीचे.

सुनेच्या आईला, म्हणजे विहीणबाईंना, पिल्लांसाठी एक कोंबडा हवा होता. साहेबांनी तांबडीला उचलले, तिच्या पायामागे वाढलेला टोकदार काटा कॅलिपरमध्ये धरला आणि निकाल दिला, "हा कोंबडा आहे. विकणाऱ्याने फसवलं आपल्याला."

"अहो, म्हाताऱ्या कोंबडीलाही काटे फुटतात. शेपूट बघा, मानेची पिसं बघा कशी गोल आहेत!" पत्नी म्हणाली.

"शेपटीला माप नसतं. काट्याला असतं. आणि हिने एवढ्यात अंडं तरी कुठे दिलंय?"

"पिसं झडतायत तिची. तेव्हा थांबतातच."

पण साहेबांनी तुलनेसाठी बाजारातला एक कोंबडा आधीच मोजून ठेवला होता. नमुना एकच होता. आत्मविश्वास मात्र घाऊक होता.

विहीणबाईंपुढे चुकणे त्यांना मुळीच परवडणारे नव्हते. विहीणबाईंच्या नव्या घरी पहिल्याच भेटीत साहेबांनी ओळंबा लावून दरवाजा तिरका असल्याचे सिद्ध केले होते आणि वर "माझ्या मापात चूक होत नाही" असेही ऐकवले होते. विहीणबाई तेव्हा नुसत्याच हसल्या होत्या. त्या हसण्याची धास्ती अजून गेली नव्हती.

तांबडी पोहोचती झाली. फोनवर विहीणबाई एवढेच म्हणत, "व्याहीबुवा, कोंबडा लाखात एक आहे हो." साहेब ते वाक्य पत्नीला पुनःपुन्हा ऐकवत.

पुढे दोघे नवरा-बायको पिल्ले पाहायला गेले. टोपलीत तांबडी पंख फुलवून बसली होती आणि पंखांखालून पिवळी डोकी डोकावत होती.

"किती गुणी कोंबडा तुमचा!" विहीणबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "स्वतःच अंडी घालतो, स्वतःच उबवतो. बापाचं काम तेवढं शेजारच्या कोंबड्याकडून करून घ्यावं लागलं."

पत्नीने तोंड फिरवले. तिचे खांदे मात्र हलत होते.

'निसर्गातील दुर्मीळ अपवाद' असे एक भारदस्त वाक्य साहेबांच्या जिभेवर तयार होते. तांबडीने त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथे तर झाकायला कोंबडंही नव्हते.

"चुकलो, विहीणबाई. माप बरोबर होतं, मोजलं मात्र भलतंच."

"मग दरवाजाचं काय?"

"तो तिरकाच आहे."

विहीणबाई खळखळून हसल्या. या हसण्यात धास्ती वाटण्यासारखे काही नव्हते. "बरं, तज्ज्ञसाहेब, आता यातले कोंबडे कोणते तेवढं सांगा. शेजारीण विचारतेय."

साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. इवल्याशा पायांना अजून काट्याचा मागमूस नव्हता. हात रिकामाच परतला.

"वाढू देत," ते म्हणाले. "आरवतील ते कोंबडे."

"आणि जे आरवणार नाहीत ते?" पत्नीने विचारले.

"ते तुला विचारून सांगेन."