काचेआडचे आठ दिवस

इमारतीच्या जिन्याखाली काचेचं दार असलेला फलक होता आणि त्याचा नियम एकच: खाली सही असेल, तर कागद आठ दिवस राहणार, कुणी हात लावायचा नाही. या नियमाचं सोनं केलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या तिरसट काकांनी. कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. कधी सोसायटीच्या अध्यक्षांच्या पोटावर टोमण्यांचा कागद, कधी कुणाच्या कारट्यांवर. एकदा चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंची पाळी आली: "बाईंचा रियाज ऐकून आमच्या कुकरने शिट्टी द्यायची सोडली."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सभेत त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात नवा नियम लिहून दिला: ज्याचं मन दुखावेल, त्याने कागद खुशाल काढावा. सगळ्यांनी हात वर केले. काकांचा कागद बाईंनी स्वतः काढून पर्समध्ये कोंबला.

पुढे लिफ्ट दोनदा अधांतरी अडकली. तिच्या दोराचे पीळ तुटत आलेत, असं दुरुस्तीच्या कामगाराने बाईंना हळूच सांगितलं. बाईंच्या यजमानांचे पाय अधू. रोज चाकांच्या खुर्चीतून त्याच लिफ्टने ये-जा. त्यांनी सगळं लिहून, सही करून कागद लावला. तासाभरात तो गायब. लिफ्टचं काम अध्यक्षांच्या मेव्हण्याकडे होतं आणि मेव्हण्याचं मन दुखावलं होतं. अध्यक्षांनी शांतपणे नियम पुढे केला. अक्षर बाईंचंच.

संध्याकाळी काका बाईंच्या दारात उभे. "तुमचं गाणं मला अजूनही सोसत नाही," ते म्हणाले. "पण तुमचा कागद आठ दिवस राहायला हवा होता. सभा बोलवा."

सभेत कुरकुर झाली. जुना नियम आणला, तर काकांची घाणही परत येणार, असं सगळ्यांचं म्हणणं. बाईंनी पर्स उघडली.

"येऊ दे. पहिला माझ्यावरचाच लावते."

हात वर झाले, जरा नाखुशीनेच. कुकरचा कागद बाईंनी सुरकुत्या काढून सरळ लावला आणि त्याच्या खाली लिफ्टचा, पुन्हा लिहून. कुकरचा वाचायला अख्खी इमारत लोटली, फिदीफिदी हसली, मग खालचा वाचला आणि गुपचूप जिन्याने वर गेली. अध्यक्षही गेले, धापा टाकत.

यजमानांना चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. मागची बाजू काकांनी धरली होती, आणि चार मजले ते बाईंच्या गाण्याबद्दलच बोलत होते.