आपापलं वचन

आमच्या मुलुंडच्या शास्त्राभ्यास वर्गात नऊ माणसं होती आणि त्यांतली आठ शास्त्र सोडून बाकी सगळ्याचा अभ्यास करत होती. त्या आठांत मीही होतो, पण हे मला चौऱ्याऐंशी सालच्या ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी कळलं. तोवर माझा ठाम समज होता की मूर्ख फक्त सात आहेत.

वर्ग दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मधुकरराव रणदिव्यांच्या घरी भरे. मधुकरराव आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल त्यांचा शब्द. त्यांच्या पवित्र शास्त्रात चार रंगांच्या पेन्सिलींनी खुणा केलेल्या होत्या. आज्ञा लाल, आशीर्वाद हिरवा, भविष्य निळं, आणि पिवळा कशासाठी हे त्यांनाही धड सांगता येत नसे. कुणी शंका विचारली की ते पान उलटून रंग दाखवत. हिरवं आहे म्हणजे हिरवं आहे, पुढे चला. दुसरे एक दशरथ कसोटे. ते प्रार्थनेला उभे राहिले की देवाला बातम्या देत. हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की काल भांडुपला पाण्याचा पाइप फुटला. ठाऊकच आहे तर सांगता कशाला, असं माझ्या जिभेवर यायचं, पण मी वर्गाचा चिटणीस होतो, मला गप्प बसावं लागे.

वाचनाची आमची रीत ठरलेली. दर आठवड्याला एक अध्याय. गोल बसायचं आणि पाळीपाळीनं एकेकानं एकेक वचन वाचायचं. पहिले मधुकरराव, दुसऱ्या त्यांच्या पत्नी जयंतीबाई, तिसरा मी. ऐकायला फार सुंदर वाटतं. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर अध्याय उघडला की प्रत्येकजण बोटानं मोजून आपल्या वाट्याला कुठलं वचन येतंय ते हेरायचा आणि मनातल्या मनात घोकत बसायचा. अडखळलं तर अब्रू जायची ना. आपलं वाचून झालं की सुटकेचा निःश्वास, की लगेच पुढच्या फेरीतलं आपलं वचन मोजायला सुरुवात. बाकीचे काय वाचताहेत याच्याशी कुणाचा काडीचा संबंध नसे.

चौथ्या खुर्चीवर वनमालाबाई बसे. ती एका प्रसूतिगृहात आया होती, जालन्याकडच्या खेड्यातून नवऱ्यामागून इथे आलेली. जन्मानं ख्रिस्तीच, पण तिच्याकडे गावच्या मंडळीचा दाखला नव्हता. तिथले पाळक वारले होते आणि नोंदवही वाळवीनं खाल्ली होती. दाखला नाही म्हणून आमच्याकडे तिला प्रभुभोजन नाही. दोन वर्षं ती बाई दर महिन्याला देवळात येई, आणि सगळे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे गेले की एकटी बाकावर बसून राही. शेवटी मधुकररावांनी तोड काढली. तिनं बारा गुरुवार वर्गात बसायचं, सर्वांसमोर शास्त्र वाचून दाखवायचं, चिटणीसानं वहीत पात्र असं लिहायचं, मग ईस्टरला तिला घ्यायचं. तिनं पाळकसाहेबांना एवढंच सांगितलं होतं की आई गेली तेव्हापासून मी प्रभुभोजनाच्या मेजाशी गेलेले नाही.

अकरा गुरुवार ती न चुकता आली. वाचलं तेव्हा स्वच्छ वाचलं, दशरथरावांपेक्षा बरं. पण माझ्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. एखाद्या दिवशी कुणी गैरहजर असलं, नवाचे आठ झाले आणि प्रत्येकाच्या वाट्याची वचनं सरकली, की वनमालाबाई चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात पळे आणि वाचन संपेपर्यंत बाहेर येत नसे. दुसऱ्यांदा झालं तेव्हाच मी ओळखलं. बाईला अक्षर येत नव्हतं. घरून आपल्या वाट्याची वचनं पाठ करून येत होती.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मला ढोंगाची भारी चीड, स्वतःचं सोडून. वास्तविक तिला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण मग माझी हुशारी कुणाला दिसली असती?

बाराव्या गुरुवारी लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय होता, गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयाचा. मधुकररावांनी पहिलं वाचलं, जयंतीबाईंनी दुसरं. मी तिसरं वाचलं आणि चुकल्यासारखं करून चौथंही वाचून टाकलं. जक्कय उंबरावर चढला आणि मी थांबलो. आता तिच्या वाट्याला पाचवं आलं होतं.

दुसरी कुणी असती तर मी वाचलेलंच वचन पुन्हा म्हणून मोकळी झाली असती, कारण आमच्यात ऐकतंय कोण. पण हिनं तसं केलं नाही. तिनं पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम केलंय हे तिला कळलं होतं.

"मला वाचता येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "लेक बुधवारी वाचून दाखवते. मी माझ्यापुरतं पाठ करते."

सगळ्यांची तोंडं मी अगदी चवीनं पाहून घेतली. मधुकररावांनी चष्मा काढला. ते सावकाश बोलले, वाईट वाटतंय असं दाखवत बोलले. नियम मी केला असला तरी नियम तो नियम, वाचन ही अट होती, यात फसवणूक झाली, यंदा ईस्टरला जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. दशरथरावांनी मान डोलावली. वनमालाबाई रडली नाही. तिनं पदर नीट केला आणि उठायला लागली.

आणि तेवढ्यात जयंतीबाई बोलल्या. बारा गुरुवारांत या बाईनं आपलं वचन आणि 'चिवडा घ्या' यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही.

"थांब गं वनमाला. आधी हे सांगा, गेल्या गुरुवारी आपण काय वाचलं?"

प्रश्न नवऱ्याला होता. मधुकररावांनी पुस्तक उघडायला हात घातला, तर जयंतीबाईंनी त्यावर हात ठेवला. न बघता सांगा म्हणाल्या. मधुकररावांना आठवेना. थोडं लाल होतं आणि बरंचसं हिरवं होतं, एवढं ते म्हणाले. दशरथरावांनी जलप्रलयाचं नाव घेतलं, जो चार महिन्यांपूर्वी होऊन गेला होता. मग जयंतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चिटणीस. माझ्या वहीत तारीख होती, हजेरी होती, अध्यायाचा आकडा होता. अध्यायात काय होतं ते माझ्या डोक्यात नव्हतं.

"मी सांगू का?" वनमालाबाईनं विचारलं, आणि उभ्या उभ्या सांगितलं.

दोन माणसं देवळात प्रार्थनेला गेली, असं मधुकररावांनी वाचलं होतं. त्यातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, उभा राहून देवाचे आभार मानतो की मी या इतर माणसांसारखा नाही, ते जयंतीबाईंच्या वाट्याला आलं होतं. आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्याचा दशांश देतो, अशी त्याची फुशारकी मी वाचली होती. छान वाचलंत भाऊ, आवाज चांगला लावला होता, असंही ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. त्यापुढचं तिचं होतं, दूर उभा राहून वर बघायचीही हिंमत न झालेल्या दुसऱ्या माणसाचं, जकातदाराचं. मग तिनं त्याच्या आधीचा गुरुवार सांगितला, मग त्याच्या आधीचा. कुणी काय वाचलं, कोण कुठे अडखळलं, सगळं. तिला पुस्तकात वचनं मोजता येत नव्हती, घोकायला अक्षर दिसत नव्हतं, म्हणून ती बिचारी बसून ऐकत होती.

देवाच्या तोंडावर मी या बाईसारखा नाही म्हणून आभार मानण्याचंच तेवढं बाकी होतं, आणि खरं सांगायचं तर मनात तेही मानून झालं होतं.

मधुकररावांनी बराच वेळ पेन्सिली सारख्या केल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, लिहा पात्र. मी लिहिलं. त्या पानावर वर्गातल्या नवांची नावं होती. माझ्या नावापुढे काय लिहायला हवं होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. ते मी लिहिलं नाही.

ईस्टरला वनमालाबाई बाकावरून उठली आणि आमच्याबरोबर मेजाशी आली. चप्पल बाहेर काढून आली होती, गावाकडची सवय असावी. तिच्यानंतर मी होतो. सतरा वर्षं मी तिथे गुडघे टेकत आलो, ना बारा गुरुवार, ना परीक्षा, ना वहीत नोंद. पाळकसाहेब माझ्यापुढे आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी हात पुढे केला.