यादीतलं सतरावं कलम

लग्नाच्या याद्या करायच्या त्या रविवारी अरुणाताई उजाडताच उठल्या, आणि पहिली पंचाईत झाली ती फ्रीजपाशी. श्रीखंडाचं पातेलं ठेवायला जागाच नव्हती. आदल्या संध्याकाळी व्याह्यांकडून एक अख्खा सॅल्मन बर्फात घालून आला होता आणि त्याने मधला कप्पा पुरता अडवला होता. शुभकार्याच्या दिवशी घरात मासे शिजणार नव्हते, पण व्याह्यांची भेट परत कशी करायची? अरुणाताईंनी श्रीखंड शेजारच्या मलय बाईंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. सॅल्मनला त्या पुणं सोडून परदेशी आल्यापासून, गेली पंचवीस वर्षं, ‘गुलाबी रावस’ म्हणत आणि रावसाचाच मसाला लावून तळत. या दोन माशांचं लांबचंही नातं नाही, हे लेकीने शंभरदा सांगितलं होतं. तव्यावर दोघेही सारखेच वागतात, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

लेक म्हणजे गार्गी, एकोणतीस वर्षांची, इथल्याच विद्यापीठात संशोधन करणारी. ही माशांचे खवले वाचते, असं नातेवाईक हसत हसत सांगत. ते खरंच होतं. उत्तरेकडच्या एका थंड देशात एक नदी आहे. तिच्यावर गळ टाकून बसणारे लोक प्रत्येक सॅल्मनचे दोन-चार खवले काढून लिफाफ्यात घालतात आणि वर तारीख लिहितात. अशा चाळीस वर्षांच्या लिफाफ्यांची खोकी गार्गीच्या प्रयोगशाळेत आली होती. सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतो. पाळलेल्या सॅल्मनला नदी नसते. तो नदीच्या मुखाशी, समुद्रात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढतो. वादळात जाळी फाटली की हे मासे सुटतात, नदीत शिरतात, आणि मग जी पिल्लं होतात ती ना धड नदीची, ना धड पिंजऱ्याची. जुन्या लिफाफ्यांत गार्गीला असं एकही पिल्लू सापडलं नाही. अलीकडच्या लिफाफ्यांत दर तिसरा मासा तसा निघाला.

त्या पिंजऱ्यांची संख्या आता दुप्पट करायची होती. त्यावर तिकडे जाहीर सुनावणी होती, आणि येत्या गुरुवारी व्हिडिओवरून गार्गीची साक्ष होती.

व्याही निशिकांतराव यांचा माशांच्या खाद्याचा व्यवसाय होता. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत बंगला, बोलणं मधाळ. पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, आम्हाला काही नको, फक्त मुलगी आणि नारळ द्या. हे वाक्य ऐकून सुबोधरावांचे डोळे भरून आले होते. जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत बावीस वर्षं गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जाणारा हा साधा माणूस. त्या रात्री बायकोला म्हणाला, देवमाणसं भेटली गं आपल्याला.

हल्ली हुंडा कोणी मागत नाही. तोंडाने मागायची लाज वाटते, इथवर आपली प्रगती झाली आहे. आता फक्त ‘अपेक्षा’ असतात, आणि त्या पत्रिका जुळल्यावर, हॉल ठरल्यावर, पुण्याहून येणाऱ्यांची तिकिटं काढून झाल्यावर हळूच सांगितल्या जातात.

श्रीखंड शेजारी ठेवून आल्यावर अरुणाताईंनी माशाचं खोकं जरा सरकवायला गार्गीला हाक मारली. खोक्यावरचा कागद गार्गीने सहज वाचला आणि ती तिथेच उभी राहिली. त्यावर मासा कुठे वाढला ते लिहिलं होतं. तिच्या नदीच्या मुखावरचे, सुनावणीतले तेच पिंजरे. तिने रुचिरला फोन लावला. रुचिर म्हणजे निशिकांतरावांचा मुलगा, गणेशोत्सवात ओळख झालेला, दीड वर्ष तिच्या लिफाफ्यांच्या गोष्टी मन लावून ऐकणारा. त्या पिंजऱ्यांना तुमचं खाद्य जातं का, असं तिने सरळ विचारलं. तो हो म्हणाला. नव्या पिंजऱ्यांत बाबांची भागीदारीही आहे म्हणाला. साक्षीदारांची यादी जाहीर झाल्यापासून बाबा अस्वस्थ आहेत, पण तू आज विषय काढू नकोस, ते बघून घेतील.

“तुला आधीपासून माहीत होतं?” गार्गीने विचारलं.

“मला वाटलं, बाबा हँडल करतील,” तो म्हणाला.

गार्गीने हे आईबाबांना सांगितलं. सुबोधराव खिडकीतून खालच्या बसस्टॉपकडे बघू लागले. मग चाचरत म्हणाले की गुरुवारी ताप आला म्हणून कळवता नाही का येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिकडच्या नदीचं तिकडचे लोक बघतील. गार्गी साडी नेसायला आत गेली, कारण पाहुणे अकराला येणार होते.

पाहुणे आले. निशिकांतराव, त्यांच्या पत्नी स्मिताताई आणि रुचिर. सरबत झालं, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग पाटावर कागद ठेवला, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, बाजूला दोन नारळ ठेवले. अरुणाताईंचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लेखणी त्यांच्या हाती आली. वर ‘श्री’ काढून त्या लिहू लागल्या. नवरीच्या साड्या कोणी घ्यायच्या, विहिणींची ओटी कशी भरायची, जेवणात मठ्ठा की ताक, भावाने कान पिळायचा तर भाऊ नाही म्हणून मामेभाऊ पुण्याहून येणार. हसतखेळत सोळा कलमं झाली. निशिकांतराव प्रत्येक कलमाला “तुम्ही म्हणाल तसं” म्हणत होते. सुबोधरावांचा जीव भांड्यात पडत चालला होता.

“आता एक शेवटचं,” निशिकांतराव म्हणाले. “वहिनी, सतरा लिहा.”

अरुणाताईंनी सतराचा आकडा काढला.

निशिकांतरावांनी आधी गार्गीचं तोंडभरून कौतुक केलं. अशी हुशार सून मिळायला भाग्य लागतं म्हणाले. मग सुस्कारा टाकून मुद्द्यावर आले. घरातलंच माणूस घराच्या धंद्याविरुद्ध जाहीर बोलायला लागलं तर जग हसेल. तेव्हा गुरुवारची ती साक्ष नको, आणि पुढेही या विषयावर तिने काही छापू नये. मासे सोडून कशावरही संशोधन करावं, समुद्रात गवतसुद्धा असतं.

“पण इतकं उघड नको लिहायला,” ते म्हणाले. “‘मुलीने घराच्या मर्यादा पाळाव्यात’, एवढंच लिहा. समजणाऱ्याला समजतं.”

गार्गीने रुचिरकडे पाहिलं. तो सरबताच्या ग्लासाखालची बशी गोल फिरवत होता.

“काका, मी पिंजऱ्यांवर बोलणार आहे, तुमच्यावर नाही,” गार्गी म्हणाली.

त्यावर निशिकांतराव जे बोलले तेही अगदीच खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. जगाला मासे हवेत, ते म्हणाले. समुद्रातले पकडत राहिलो तर उद्या समुद्रात काही उरणार नाही. पाळलेला मासा लाखो पोटं भरतो, त्या थंड गावात पोरांना काम देतो. नदीत चार मासे कमी आले तर कोणाचं काय अडलं? आणि पाळलेला काय, नदीतला काय, मासा तो मासाच.

गार्गीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मासे पाळायला तिचा विरोध नव्हताच. जमिनीवर बंद टाक्यांत पाळा, नाहीतर पिंजरे नदीच्या मुखापासून दूर न्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. टाक्या परवडत नाहीत, निशिकांतराव म्हणाले.

“तुम्हाला परवडत नाहीत म्हणून नदीने किंमत द्यायची?” गार्गी म्हणाली. “काका, पाळलेला मासा उद्या पुन्हा पाळता येईल. ही नदी ओळखून परत येणारा मासा एकदा संपला की तो कोणाला बनवता येणार नाही. चाळीस वर्षं त्या लोकांनी खवले जपून ठेवले, ते मी गप्प बसावं म्हणून नाही.”

निशिकांतराव हसले आणि सुबोधरावांकडे वळून म्हणाले की तुम्ही समजावा, मुली लग्नाआधी असं बोलतातच. मग अरुणाताईंना म्हणाले, “लिहा वहिनी.”

अरुणाताईंनी लेखणीला टोपण लावलं.

“हे मी लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण सुबोधरावांनी दचकून मान वर केली, कारण एकतीस वर्षांत हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

“माझ्या यादीतही हे कलम होतं,” अरुणाताई म्हणाल्या. “न लिहिता घातलेलं. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. आहे. कॉलेजात शिकवायची नेमणूक हातात होती. सासऱ्यांनी असंच गोड सांगितलं, घराच्या मर्यादा. ते पत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे. तेव्हा माझ्या आईने मान खाली घातली. मी घालणार नाही.”

आपणही सगळं सोडलंच की, असं काहीतरी स्मिताताई पुटपुटल्या, पण वाक्य पुरं न करता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांनी काय सोडलं ते कोणी विचारलं नाही. त्यांना बहुधा कधीच कोणी विचारलं नव्हतं.

सुबोधराव मात्र रुचिरकडे बघत होते. मुलगा खाली मान घालून बशी फिरवत होता. एकतीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका बैठकीत आपणही असेच पोह्यांच्या बशीकडे बघत बसलो होतो, हे त्यांना आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. आपण वाईट माणूस नव्हतो, फक्त बोललो नव्हतो. न बोलणाऱ्या भल्या माणसांच्या जिवावरच असली कलमं लिहिली जातात.

“रुचिर,” ते म्हणाले, “तुला काय वाटतं, ते सांग. तुझ्या बाबांना नाही विचारत, तुला विचारतोय.”

रुचिरने वडिलांकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाला की हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे, सगळ्यांनी थोडा वेळ घ्यायला हवा.

गार्गीला त्याचा राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. दीड वर्ष आपण ज्याच्याशी बोललो, तो ऐकत होता की नुसता समोर बसला होता, असं तिला वाटून गेलं. तिने पाटावरचा नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी निशिकांतरावांपुढे धरला.

“तुम्ही मुलगी आणि नारळ मागितला होता,” ती म्हणाली. “नारळ घेऊन जा.”

निशिकांतरावांचा चेहरा पडला. ते उठले, त्यांच्यामागून बाकीचे दोघे उठले. दारापाशी जाईपर्यंत सुबोधराव स्वयंपाकघरातून माशाचं खोकं छातीशी धरून आले. बर्फाचं पाणी त्यांच्या नव्या कुर्त्यावर ओघळत होतं. त्यांनी ते खोकं लिफ्टमध्ये निशिकांतरावांच्या पायाशी ठेवलं आणि नमस्कार करून घरात आले. श्रीखंड शेजारणीकडून परत आणलं आणि तिघांनी ते दुपारी पुरीबरोबर खाल्लं. कोणाला फारसं गेलं नाही, पण खाल्लं.

पुढचे तीन दिवस फोन थांबेनात. पुण्याची आत्या म्हणाली, माशासाठी कोणी लग्न मोडतं का? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं कोणी कोणाला म्हणाल्याचंही कानावर आलं. हॉल रद्द झाला, तिकिटं वाया गेली. अरुणाताई प्रत्येकीला एकच सांगत की लग्न माशासाठी मोडलं नाही, तोंड बंद ठेवायच्या अटीसाठी मोडलं. बहुतेकींना ते पटलं नाही. आत्याने मात्र बुधवारी पुन्हा फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, ते कॉलेजचं पत्र तू खरंच ठेवलं आहेस का गं?

वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांच्या घरच्या यादीत हे न लिहिलेलं कलम असेल? सोनं नाही, गाडी नाही, हुंडा तर मुळीच नाही. फक्त मुलीची नोकरी, तिचं शिक्षण, तिचं म्हणणं. आणि आपण त्याखाली समाधानाने सह्या केल्या असतील.

गुरुवारी दुपारी अरुणाताई एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, विद्यापीठात गेल्या. डब्यात थालीपीठ होतं. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने त्या खुर्ची ओढून लेकीसमोर बसल्या. रिफायनरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून सुबोधरावही आले आणि दाराशी उभे राहिले. टेबलावर खवल्यांचे लिफाफे वर्षवार लावले होते. निकाल लागायला अजून सहा महिने होते, आणि तो कोणाच्या बाजूने लागेल हे तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

पडद्यावर तिकडच्या सकाळचा करडा उजेड दिसला. समितीच्या अध्यक्ष बाईंनी गार्गीचं नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग सगळ्यांना विचारतात तो प्रश्न त्यांनी कागदात बघून वाचला. या कंपनीशी, किंवा तिला माल पुरवणाऱ्या कोणाशी, तुमचं काही नातं आहे का?

“ठरलं होतं,” गार्गी म्हणाली. “मी आज इथे बोलू नये, अशी अट होती. म्हणून मी ते मोडलं.”

अध्यक्ष बाईंनी कागदावरून मान वर केली.

गार्गीने सर्वात जुना लिफाफा उघडून खवला कॅमेऱ्यासमोर धरला. “आता विचारा,” ती म्हणाली.